दोन डोंगर

धर्मगुरूलाही आई असते, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात तशी उशिराच येते. गुरुदीक्षेच्या दिवशी तिला मंडपात पुढच्या रांगेत बसवतात, तिच्या गळ्यात हार घालतात, तिचे छायाचित्र काढतात. मग मंडप उतरतो, ती आपल्या घरी परतते आणि तिचा मुलगा धर्मग्रामाचा होतो. पुढे त्याच्या आजारपणाची, जेवणखाणाची, सणवाराची काळजी वाहणारी माणसे त्याला जागोजागी भेटत जातात, आणि आई मात्र नाताळच्या दुसऱ्या दिवशी भेटावयाची व्यक्ती होऊन बसते. आमच्या बाबतीतही वेगळे काही घडले नाही.

१९९७ साली आमची गुरुदीक्षा झाली. त्या दिवसापासून आमची आई आम्हाला 'फादर' म्हणते. मात्र 'फादर' म्हटल्यानंतरचे क्रियापद तिला अजून बदलता आलेले नाही. "फादर, तू जेवलास का?" हे तिचे वाक्य ऐकून आमचे सहायक धर्मगुरू गालातल्या गालात हसतात. आम्हालाही त्याची इतकी सवय झाली होती की त्या वाक्यात दोन नाती कशीबशी एकत्र नांदत आहेत, याचा आम्ही कधी विचार केला नव्हता.

२०२२ साली आमच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव झाला. धर्मग्रामाने सत्कार केला, शाल दिली, भाषणे झाली. सर्व पाहुणे गेल्यावर आमच्या धाकट्या भावाने एक पाकीट आमच्या हातात ठेवले. तो वसईतली आमची वाडी सांभाळतो; फुले आणि भाजीपाला यांवर त्याने संसार केला, मुले शिकवली. "फादर, हे आमच्या घराकडून," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी आईला घेऊन परदेशी जाऊन या. रोमला तुम्ही जाऊन आलात. ही यात्रा नको, सुट्टी असू द्या. तिला डोंगर दाखवा."

डोंगराची गोष्ट अशी. फार वर्षांपूर्वी खताच्या दुकानातून आमच्या घरी एक दिनदर्शिका आली होती. तिच्यावर बर्फाच्छादित पर्वताचे चित्र होते. वर्ष संपले तरी आईने ते चित्र काढू दिले नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या धुराने पिवळे पडेपर्यंत ते राहिले. "असा डोंगर खरा असतो का रे?" असे ती आल्यागेल्याला विचारत असे. ते चित्र स्वित्झर्लंडचे होते, एवढे खाली छापलेले होते. म्हणून आमचे ठिकाण ठरले.

तेव्हा आईचे वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण चौथीपर्यंतचे. आयुष्यातले पहिले पारपत्र तिने याच प्रवासासाठी काढले आणि त्यावर सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. नातसुनेने लुगड्यावर घालायला जाड स्वेटर आणि पायांसाठी लोकरी मोजे आणले. आईने स्वतःच्या हाताने एकच वस्तू बांधून घेतली : सुकेळ्यांचे दोन पुडे. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली ही आपल्या आगाशी-वसईची मेवामिठाई. "परक्या मुलखात कुणी आपल्याला पाणी दिलं, तर त्याच्या हातावर काय ठेवायचं?" असा तिचा सवाल होता.

२०२३ सालच्या जुलै महिन्यात आम्ही दोघे झुरिकला उतरलो आणि आगगाडीने लुसर्नला गेलो. शहराजवळच्या एका धर्मभगिनींच्या अतिथिगृहात आमची राहण्याची सोय झाली होती. पहिले दोन दिवस सरोवराच्या काठाने फिरण्यात गेले. लुसर्नचा चौदाव्या शतकातला लाकडी पूल १९९३ साली आगीत बराचसा जळाला आणि वर्षभरात तो पुन्हा उभा करण्यात आला, हे सांगितल्यावर आईने पुलाच्या कठड्यावर हात फिरवून जुने लाकूड कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, ते शोधून पाहिले. आम्ही मात्र पुस्तकातली माहिती तिला सांगत होतो. हे चर्च कधीचे, ते कोणत्या शैलीचे, सरोवर किती खोल. आता मागे वळून पाहताना वाटते, त्या दोन दिवसांत आम्ही प्रवचनकारच होतो, मुलगा नव्हतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही आईला साक्सेल्न या गावी नेले. स्वित्झर्लंडचे आश्रयदाते संत निकोलस फ्ल्यूए यांचे अवशेष तेथील चर्चमध्ये वेदीखाली आहेत. त्या देशात त्यांना प्रेमाने 'ब्रुडर क्लाउस' म्हणतात. क्लाउस हे निकोलसचेच छोटे रूप, म्हणजे आपल्या भाषेत 'क्लाउस बंधू'. यांची जीवनकथा आमच्या वाचकांपैकी अनेकांना परिचित नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचा जन्म १४१७ सालचा. ते शेतकरी होते, लढायांत लढले होते, गावचे न्यायदानही करीत. डोरोथेआ नावाच्या पत्नीपासून त्यांना दहा अपत्ये झाली, पाच मुलगे आणि पाच मुली. आणि १४६७ साली, वयाच्या पन्नाशीत, धाकटे मूल अजून पाळण्यात असताना, पत्नीची संमती घेऊन ते घराबाहेर पडले आणि एकांतवासी झाले. पुढची वीस वर्षे, १४८७ साली मृत्यू येईपर्यंत, ते रान्फ्ट नावाच्या दरीत एका लहानशा खोलीत राहिले. राजेरजवाडे त्यांचा सल्ला घ्यायला येत. १४८१ साली स्विस प्रांतांमध्ये फूट पडून यादवी होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्याच सल्ल्याने समेट झाला. १९४७ साली पोप बारावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

साक्सेल्नच्या चर्चमध्ये त्यांचा एकांतवासातला झगा जतन करून ठेवला आहे. परंपरा असे सांगते की तो डोरोथेआने स्वतः आपल्या हातांनी केला. आम्ही आईला हे सांगितले. ती त्या जाड्याभरड्या वस्त्रापुढे बराच वेळ उभी राहिली.

"घर सोडून जाणाऱ्याचे कपडे तिनंच शिवले?" तिने विचारले.

आम्ही म्हणालो, "हो, तिची संमती होती."

"संमती होती, ते ठीक," आई म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही.

तेथून बसने आम्ही वर फ्ल्यूएली या वाडीवर गेलो. संतांचे राहते घर तेथे अजून उभे आहे. रान्फ्टची दरी तेथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. पण उतार मोठा असल्याने आईला खाली जाणे शक्य नव्हते. आम्ही एकटेच खाली उतरून संतांच्या खोलीत प्रार्थना केली आणि परत आलो. आई घराजवळच्या बाकावर बसून दरीकडे पाहत होती.

"एवढ्याच अंतरावर होता तो?" तिने विचारले. "मग ती रोज इथून खाली बघत असेल."

आम्ही पुष्कळ वर्षांपूर्वी सेमिनरीत या संताचे चरित्र वाचले होते. त्यात दरीतून वर देवाकडे पाहणारा माणूस होता. घरातून खाली दरीकडे पाहणारी बाई आम्हाला त्या दिवशी प्रथमच दिसली.

दुसऱ्या दिवशी डोंगराचा बेत होता. लुसर्नहून आगगाडीने पाऊण तासात एंगेलबर्ग येते. या नावाचा अर्थ 'देवदूतांचा डोंगर'. गाव लहान, चारी बाजूंनी कडे, आणि मध्ये बेनेडिक्ट संघाचा भव्य मठ. हा मठ ११२० साली स्थापन झाला. "देवाचं घर आधी बघू," असे आई म्हणाली. आम्ही म्हणालो, "मठ कुठे पळून जात नाही. ढग येण्याआधी वर जाऊ." घाई आमची होती.

एंगेलबर्गहून टिटलिस पर्वतावर पाळण्याने जातात. गाव सुमारे एक हजार मीटर उंचीवर. पहिला टप्पा ट्र्यूबसे, तो सुमारे अठराशे मीटरवर. आणि शेवटचे स्थानक ३०२० मीटरवर. शेवटच्या टप्प्यातला पाळणा वर चढत असताना स्वतःभोवती एक फेरी घेतो, म्हणजे आतल्या माणसाला उभ्या जागी चारी दिशा दिसतात. असा फिरता पाळणा १९९२ साली जगात प्रथम येथेच सुरू झाला. आम्ही हे सारे आईला सांगत होतो. तिने डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या बोटांत जपमाळ फिरत होती.

वर पोहोचलो आणि दिनदर्शिकेतले चित्र आमच्यापुढे उभे राहिले. आई दाराशीच थबकली. पांढऱ्या रंगाचे इतके प्रकार असतात, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. तिने हातमोजा काढून बर्फाला बोट लावले आणि क्रूसाची खूण केली. भोवती आपल्याकडचीच माणसे पुष्कळ होती. १९९५ सालच्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातील नायक-नायिकेची पुठ्ठ्याची आकृती तेथे उभी होती आणि तिच्याशेजारी छायाचित्र काढून घेण्यासाठी रांग लागली होती. गुजराती, तमीळ, पंजाबी असे सारे बोल कानांवर येत होते. एका कुटुंबातल्या लहान मुलाच्या हातावर आईने सुकेळी ठेवली.

थोडे पुढे हिमनदीच्या काही भागावर जाड पांढरे कापड अंथरलेले दिसले. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने ही हिमनदी वर्षानुवर्षे आक्रसत आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळण्याचा वेग कमी व्हावा, म्हणून असे कापड घालतात. आम्ही हे समजावून सांगितले.

"म्हणजे डोंगराला ताप आलाय," आई म्हणाली. "पोराच्या कपाळावर घडी ठेवतात, तशी ठेवलीय."

आम्ही हसलो. त्या वेळी त्या वाक्यात हसण्यासारखे काही नव्हते, हे आम्हाला कळले नाही.

तेथे कड्याला लागून एक झुलता पूल आहे. २०१२ साली तो बांधला गेला. लांबी शंभर मीटर, रुंदी जेमतेम एक मीटर, आणि खाली खोल दरी. आमच्या मनात त्या पुलावर जायचे फार होते. "आई, चार पावलं चल, मग परत फिरू," असे म्हणून आम्ही तिचा हात धरला. ती निघाली. चार पावले चालली, कठडा धरला आणि तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. ओठ निळसर दिसत होते. श्वास तोकडा पडत होता. तेथील एका कर्मचाऱ्याने धावत येऊन तिला आत नेले, खुर्चीवर बसवले, पाणी दिले. विरळ हवेचा त्रास वयस्कर माणसांना येथे होतो, आता खाली जाणे बरे, असे त्याने खुणेने आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले.

"केव्हापासून होतंय असं?" आम्ही तिला विचारले.

"वर आल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू केवढ्या हौसेनं दाखवत होतास," ती म्हणाली.

पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही लोकांची पापनिवेदने ऐकत आलो आहोत. माणूस काय बोलतो आणि काय गिळतो, हे आपल्याला कळते, असा आमचा समज होता. त्या कर्मचाऱ्याने पाणी आणले, तेव्हा आईने धापा टाकीत पिशवी चाचपली आणि त्याच्या हातावर सुकेळी ठेवली.

आम्ही ट्र्यूबसेपर्यंत खाली आलो. तेथे एक निळेशार तळे आहे. तळ्याकाठी बाक आहेत, भोवती कुरणे आहेत, आणि गळ्यात मोठाल्या घंटा बांधलेल्या गाई चरत होत्या. ऊन उबदार होते. अर्ध्या तासात आईचा श्वास जागेवर आला. तिने बूट काढले, पाय गवतावर टेकवले आणि म्हणाली, "हे बरं आहे. गाई असल्या की माणूस परका वाटत नाही."

मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "फादर, तुलाही असाच ताप आला होता."

ही कथा आम्हाला अर्धीमुर्धी ठाऊक होती. १९७१ सालचा पावसाळा. आम्ही वर्षभराचे होतो. दहा दिवस ताप उतरत नव्हता. वाडीतून बाहेर पडायची वाट पाण्याखाली गेलेली. रात्रभर कपाळावर ओल्या फडक्याची घडी बदलत आई बसून राहिली आणि वांद्र्याच्या मोतमावलीला नवस बोलली. ताप उतरला. सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला भरणाऱ्या जत्रेत, तिने आम्हाला कडेवर घेऊन ती टेकडी चढली आणि मेणाचे बाळ वाहिले. वांद्र्याच्या जत्रेत असे मेणाचे हात, पाय, बाळे विकायला असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. घरात ही हकिकत कौतुकाने सांगितली जात असे. ठाऊक नव्हते ते पुढचे.

"मेणाचं बाळ लोकांना दिसलं," आई म्हणाली. "नवस तो नव्हता. मी म्हटलं होतं, जगला तर तुझा. हे मी तुझ्या बापालाही सांगितलं नाही."

आम्ही काही बोललो नाही.

"पंधरा वर्षं मी गप्प राहिले. वाटलं, माउली विसरली असेल. मग तू दहावीला असताना म्हणालास, मला सेमिनरीत जायचंय. सगळा गाव खूश झाला. सगळे म्हणाले, देवाची कृपा. मला वाटलं, तिनं हिशेब मागितला."

त्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, वडिलांचा दमा बळावला होता. थोरला मुलगा म्हणून वाडीचा भार आमच्यावर यायचा होता. आमच्या कानावर कोणी हे घातले नाही. आम्हीही विचारले नाही. देवाचे पाचारण ऐकू आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला दुसरा आवाज सहसा ऐकू येत नाही.

"त्या मे महिन्यात," आई सांगू लागली, "एके पहाटे मोगऱ्याची टोपली घेऊन दादरला निघाले. घरी सांगितलं, फुलं विकायला जाते. पण वांद्र्यालाच उतरले. टेकडी चढले. टोपली बाहेर पायरीवर ठेवली आणि आत जाऊन गुडघे टेकले. म्हटलं, माउली, माझ्या हातातल्या पाटल्या घे, आणखी काय घ्यायचं ते घे. हा मला परत दे."

"मग?"

"मग काय? ती काही बोलली नाही. मी खाली आले, दादरला गेले. उशीर झाला होता, फुलांचा भाव पडला होता. मिळेल त्या भावानं विकली आणि घरी आले."

तळ्यापलीकडे गाईंच्या घंटा वाजत होत्या. आई पुढे जे बोलली, ते तिने आमच्याकडे न पाहता सांगितले. आम्ही सेमिनरीत गेल्यानंतरच्या वर्षी वडिलांना वाडीचे काम झेपेना. धाकट्याला नववीतून शाळा सोडावी लागली. त्याला अभ्यासात गोडी नव्हती म्हणून त्याने शाळा सोडली, असेच आम्हाला कळवण्यात आले होते आणि तेच आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो.

"तो हुशार होता," आई म्हणाली. "गणितात तर तुझ्यापेक्षाही. तुला कळवायचं नाही, असं तुझ्या बापानं सगळ्यांना बजावलं होतं. कळलं तर तू परत येशील, असं त्याला वाटायचं." मग थोडे थांबून तिने विचारले, "मी दिलेलं परत मागितलं. पाप झालं का रे माझ्याकडून?"

वाचकहो, येथे आम्हाला आमची एक कमतरता मान्य केली पाहिजे. आमच्या तोंडून प्रथम बाहेर आला तो सेमिनरीतला पाठ. आम्ही तिला सांगितले की चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत ११९३ वे कलम आहे. नवस हा बोलणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्याला बांधत नाही. तेव्हा तिच्या नवसाने आमच्यावर कोणतेही बंधन आले नव्हते. आम्ही आपल्या मर्जीने गेलो. तिने मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

आईने शांतपणे ऐकून घेतले. "मग मी दिलं, ते काय?" तिने विचारले.

याचे उत्तर त्या कलमात नाही.

हन्ना आणि शमुवेल यांच्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील, याची गणती नाही. मूल व्हावे म्हणून रडणारी हन्ना, नवस बोलणारी हन्ना, दूध तुटताच बाळाला प्रभूच्या मंदिरात नेऊन एलीच्या स्वाधीन करणारी हन्ना. तिची उदारता आम्ही वाखाणली. बाळाला तेथे ठेवून रिकाम्या हातांनी घरी परतणाऱ्या हन्नेबरोबर मात्र आम्ही चार पावलेही चाललो नव्हतो. पवित्र शास्त्रात एक लहानशी गोष्ट सांगितली आहे. हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. मुलगा डोळ्यांसमोर नाही; तो वर्षभरात किती वाढला असेल, बाही किती लांब ठेवावी, हे ती अंदाजानेच ठरवत असणार. एकदा देऊन टाकले आणि संपले, असे ते देणे नव्हतेच. ती दरवर्षी देत होती, आणि दरवर्षी तिला ते जड जात असणार.

आदल्या दिवशी आई त्या झग्यापुढे का खिळून राहिली, ते आता आमच्या ध्यानात आले. १९८६ च्या जूनमध्ये आमची पत्र्याची ट्रंक तिनेच भरली होती. त्यात दोन सदरे होते, तिने स्वतः शिवलेले. दोन्ही आम्हाला मोठे होत होते. सेमिनरीतल्या मुलांनी आमची थट्टा केली, म्हणून पहिल्या भेटीच्या रविवारी आम्ही तिच्याकडे तक्रारही केली होती. "वाढत्या अंगाचे आहेत, बसतील," एवढेच ती म्हणाली होती.

पाचारण आमचे होते, याबद्दल आम्हाला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. आईने नवस बोलला नसता तरी आम्ही गेलोच असतो, असे आमचे मन सांगते. पण त्या पाचारणाची किंमत आम्ही एकट्याने मोजली, असा जो एक समज आम्ही उराशी बाळगून होतो, तो त्या बाकावर गळून पडला. रौप्यमहोत्सवाच्या भाषणात आमच्या त्यागाबद्दल वक्ते बोलले होते आणि आम्ही मान खाली घालून ते ऐकून घेतले होते. त्यागाचा मोठा हिस्सा त्या वेळी मागच्या रांगेत पाहुण्यांना सरबत देत उभा होता.

शेवटी आम्ही पुस्तक मिटले. "पाप नाही, आई," आम्ही म्हणालो. "आईनं मूल परत मागावं, यात पाप कसलं? तू परत मागितलंस, आणि तरी जूनमध्ये ट्रंक भरलीस. तू दिलंस ते हेच."

ती काही बोलली नाही. पिशवीतून तिने एक सुकेळे काढले, अर्धे आमच्या हातावर ठेवले आणि अर्धे स्वतः खाल्ले. मग बूट चढवीत म्हणाली, "आता तरी देवाच्या घरी नेशील ना?"

एंगेलबर्गच्या मठाचे चर्च १७२९ सालच्या आगीनंतर नव्याने बांधलेले आहे. आत नऊ हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन आहे. आम्ही या वेळी आईला काहीच सांगितले नाही. तिच्याशेजारी बसून राहिलो. एक वृद्ध मठवासी काठी टेकत वेदीपुढून गेले, वाकले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. आई त्यांच्याकडे पाहत हळूच म्हणाली, "ह्यांची आई आता कुठली असायला. तिच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणू." आम्ही दोघांनी ती म्हटली.

वसईला परतल्यावर एका संध्याकाळी आम्ही वाडीत गेलो. भाऊ ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या फुलांचा हिशेब लिहीत होता. तो हिशेब कागदावर मांडत नाही. मनात करतो आणि फक्त उत्तर लिहितो. हे आम्ही लहानपणापासून पाहत होतो, पण आम्हाला ते आज दिसले. आम्ही म्हणालो, "तुझी शाळा का सुटली, ते मला आईनं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. मी विचारायला हवं होतं."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "फादर, कुणीतरी वाडीत राहायलाच हवं होतं," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, मोगऱ्याच्या वेलीकडे पाहत म्हणाला, "गणित मला आवडायचं, हे मात्र खरं."

याहून अधिक बोलणे आमच्यात झाले नाही. त्या शनिवारी, नेहमीप्रमाणे, वेदीसाठी त्याच्याकडून फुले आली. आम्ही ती या वेळी स्वतः मांडली.

सप्टेंबरात आईने वांद्र्याला जाण्याची इच्छा दाखवली. आम्ही तिघे गेलो, आम्ही, भाऊ आणि आई. मोतमावलीची टेकडी समुद्रसपाटीपासून फार तर ऐंशी मीटर उंच असेल. १९०४ साली उभ्या राहिलेल्या त्या चर्चभोवती जत्रेची गर्दी होती. मेणवाल्यांच्या ओळीत मेणाची घरे होती, विमाने होती, बाळे होती. आईने त्यांतले काही घेतले नाही. एक साधी मेणबत्ती घेतली, दोन्ही मुलांचे हात धरून आत गेली आणि थोड्याच वेळात बाहेर आली.

"काय मागितलंस?" भावाने विचारले.

"मागितलं काही नाही," ती म्हणाली. "तिला म्हटलं, दोघींचा हिशेब मिटला."

टिटलिसच्या शेवटच्या कड्यावर पाळण्याने पाच मिनिटांत पोहोचता येते. वांद्र्याच्या टेकडीवरून खाली उतरायला आमच्या आईला सदतीस वर्षे लागली, आणि त्यातली एकही पायरी आम्ही तिच्याबरोबर उतरलो नव्हतो.

आपल्या धर्मग्रामांतून आजही काही मुले सेमिनरीत जातात, काही मुली मठात जातात; पुष्कळ जण आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात नोकरीला जातात. मुलाच्या पाचारणाबद्दल आईबापांचे अभिनंदन करताना त्यांना एकदा हळूच विचारावे, तुम्हाला काय वाटते? आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तर त्याला श्रद्धेची उणीव समजू नये. आमच्या धर्मगुरू बंधूंना एवढेच सांगावेसे वाटते की वर्षातून एकदा तरी आईला घेऊन कोठेतरी जावे. स्वित्झर्लंडच हवे असे नाही, वांद्रेही चालेल. फक्त तेथे पोहोचल्यावर आपण बोलू नये, तिला बोलू द्यावे.

आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या रविवारी ती आमच्या धर्मग्रामात आली होती. मिस्सानंतर लोकांच्या देखत तिने विचारले, "फादर, तू जेवलास का?" आम्ही म्हणालो, "नाही, आई. तुझ्यासाठी थांबलो होतो."